उतरवता येईल असे प्रदर्शन कसे उभारावे

माझे पहिले मोठे प्रदर्शन पणजीत होते, पाच दिवसांचे. सहाव्या दिवशी सकाळी टेंपो दारात उभा राहिला. रंगवलेले एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीचे) फलक, डबल टेपने चिकटवलेली छायाचित्रे, करवतीने कापलेली मोठाली अक्षरे, गालिच्याचे तुकडे, फ्लेक्सच्या गुंडाळ्या असे सगळे आम्ही तासाभरात उचकटून आत भरले. टेंपोवाल्याने विचारले, ''हें खंय व्हरूं?'' हे कुठे नेऊ? आम्ही सहा जण तिथे होतो आणि कोणाकडेच उत्तर नव्हते. शेवटी तो माल एका मित्राच्या परसात उतरला. पहिल्या पावसात एमडीएफ पावासारखे फुगले आणि पुढचे वर्षभर तो ढीग त्याच्या आईला रोज दिसत राहिला.

तेव्हापासून नवा आराखडा हाती घेतला की वहीच्या पहिल्या पानावर मी टेंपोवाल्याचा हाच प्रश्न लिहितो. चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द मला बऱ्याच उशिरा भेटला. ब्रिटनच्या एलन मॅकार्थर फाउंडेशनने तिची तीन तत्त्वे सांगितली आहेत: कचरा आणि प्रदूषण मुळातच होऊ न देणे, वस्तू आणि साहित्य वापरात फिरते ठेवणे, आणि निसर्गाला पुन्हा भरून येऊ देणे. प्रदर्शन उभारणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आत येणारी प्रत्येक वस्तू बाहेर पडताना कुठे जाणार, हे ती आत येण्याआधीच ठरलेले असले पाहिजे.

हा लेख गोव्यात पहिल्यांदा असे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे. गावच्या वाचनालयाचे ग्रंथप्रदर्शन, शाळेचे विज्ञान प्रदर्शन, महिला मंडळाच्या वस्तूंचे चार स्टॉल, नाहीतर जुन्या फोटोंचे प्रदर्शन, काहीही असो. वास्तुरचना किंवा कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनाही उपयोग व्हावा.

आधी मखर आणि माटोळी बघा

तुमच्या घरी किंवा शेजारी जुने लाकडी मखर असेल, तर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी ते माळ्यावरून उतरवताना हजर राहा. खांब वेगळे, कमान वेगळी, मागची पाटी वेगळी. कुठला खांब डावा आणि कुठला उजवा, ते कळावे म्हणून आजोबा-पणजोबांनी आतल्या बाजूला खुणा केलेल्या असतात. खाचेत खांब बसतो, वर पाचर ठोकली की मखर उभे. विसर्जन झाले की पाचर काढायची आणि परत माळ्यावर. बहुतेकदा खिळा लागतच नाही.

मखराच्या वर टांगलेली माटोळीही नीट बघा. तिची लाकडी चौकट वर्षानुवर्षे तीच असते. तिच्यावर दरवर्षी बांधायची ती नारळाची पेंड (घड), सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तोरिंग आणि रानातली फळेफुले मात्र ताजी येतात. बांधायला केवणीच्या सालीची दोरी असते. सण संपला की खाण्याजोगे घरात वाटले जाते, उरलेले मातीत जाते आणि चौकट तेवढी मागे राहते. टिकाऊ प्रदर्शनाबद्दल मला जे सांगायचे आहे, त्यातले निम्मे इथेच आले. वर्षानुवर्षे टिकणारा सांगाडा एकीकडे, थोड्या दिवसांची सजावट दुसरीकडे, आणि दोन्ही एकमेकांना सुटतील अशा पद्धतीने बांधलेले. माझ्या पहिल्या प्रदर्शनात फोटो फलकाला चिकटवला होता. फोटो काढताना फलकाचा पापुद्रा निघाला आणि फोटोही फाटला. दोन वेगवेगळ्या आयुष्याच्या वस्तू आम्ही गोंदाने एकत्र मारल्या होत्या.

पायरी पहिली: उतरवण्याच्या दिवसाचा आराखडा

काम उलट्या टोकाने सुरू करा. जागेचा नकाशा काढण्याआधी एका कागदावर शेवटच्या दिवसाची सायंकाळ लिहून काढा. दारे किती वाजता बंद होणार, जागा कधी रिकामी करून द्यायची आहे, कोण कोण थांबणार, कुठला टेंपो येणार, आणि त्यातला माल कुठल्या कुठल्या पत्त्यांवर उतरणार. हे लिहिताना अडखळलात तर ते बरे लक्षण समजा, कारण आज कागदावर अडखळायला पैसे लागत नाहीत.

इथे एक गोष्ट फार जीव तोडून सांगतो. उभारायला जेवढा वेळ घेता, तेवढाच उतरवायला धरा आणि त्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी लिहा. बहुतेक प्रदर्शनांत उभारणीला तीन दिवस आणि उतरवणीला एक रात्र मिळते. ती रात्र ज्यांनी काही जोडलेच नव्हते अशा थकलेल्या मजुरांच्या हातात पडते. त्यांच्या हातात पहार असते आणि मुकादमाला घाई असते. तुमचे सांधे कितीही चांगले असोत, त्या रात्री ते मोडणार. ज्या सुताराने बांधले त्यालाच सोडायला बोलवा आणि त्या दिवसाचा रोज आधीच कबूल करा. चक्रीय म्हणवणारी पुष्कळ कामे याच ठिकाणी फसलेली मी पाहिली आहेत.

पायरी दुसरी: काय बनवायचे नाही ते ठरवा

आता यादी करा. किती फलक, किती टेबले, किती खुर्च्या, किती दिवे. मग प्रत्येक ओळीपुढे क्रमाने विचारा: ही वस्तू नसली तर चालेल का? नसेल चालत, तर कोणाकडून उसनी मिळेल? उसनी नाही तर भाड्याने? भाड्याने नाही तर जुनी विकत? नवी घेणे सगळ्यात शेवटी, आणि तेही पुढच्या पाच कामांना पुरेल अशी असेल तरच.

गालिचा ही पहिल्या प्रश्नातच कटणारी वस्तू. तीन दिवसांसाठी अंथरलेला कृत्रिम धाग्याचा पातळ गालिचा पुन्हा वापरण्याच्या लायकीचा राहत नाही. खाली चांगली लादी किंवा कोबा असेल तर तो स्वच्छ पुसा आणि तसाच ठेवा.

उसनवारीत गोव्यातल्या गावांचा हात धरणारे कोणी नाही, असे मला मनापासून वाटते. देवस्थानाची मोठी भांडी, सतरंज्या, समया गावातल्या लग्नाकार्याला मिळतात आणि मोजून परत जातात. शाळेची बाके, क्लबाची टेबले, भजनी मंडळाचे ध्वनिवर्धक यांचे तसेच. हीच रीत थोडी पुढे न्या. घर बांधणाऱ्या शेजाऱ्याने चिरे रचून ठेवलेत? फलकांच्या पायाशी वजन म्हणून वीस चिरे आठवडाभर द्या म्हणावे. सेंटरिंगवाल्याकडे लोखंडी पाइप आणि कपलर असतात, ते भाड्याने मिळतात आणि त्यांच्यापासून भक्कम चौकट उभी राहते. थंड पेयांच्या डेपोतली रिकामी क्रेट्स एकावर एक रचली की चौथरे तयार होतात.

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरात २०१७ च्या डच डिझाइन वीकसाठी 'पीपल्स पॅव्हिलियन' नावाचा मंडप याच कल्पनेवर उभारला होता. ब्युरो एसएलए आणि ओव्हरट्रेडर्स डब्ल्यू या दोन संस्थांनी त्याचा आराखडा केला. त्याचे साहित्य उसने आणलेले होते आणि काम झाल्यावर मालकांना परत करायचे होते. म्हणून त्यांनी अट घातली की स्क्रू नाही, गोंद नाही, भोक नाही, करवत नाही. लाकडी वासे पोलादी पट्ट्यांनी आवळून खांब आणि तुळया केल्या. बाहेरच्या भिंतीवरचे रंगीत तुकडे मात्र शहरातल्या लोकांच्या घरातून गोळा केलेल्या प्लास्टिक कचऱ्यापासून बनवले होते. उसन्या वस्तूला भोक पाडायचे नाही, या एका अटीने सगळी बांधणी ठरली. तुम्हीही उसन्या वस्तूला खिळा लावायचा नाही, एवढे व्रत घेऊन बघा. हात आपोआप दोरी, पाचर, क्लॅम्प आणि वजनाकडे वळतो.

पणजीतल्या जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीसारख्या वारसा वास्तूत प्रदर्शन असेल तर ही शिस्त तिथल्या भिंतींनाही लागू आहे. भिंतीला हात न लावता स्वतःच्या पायांवर उभी राहील अशीच मांडणी करायची.

व्यापारी प्रदर्शनात तीन बाय तीन मीटरचे जे स्टॉल असतात, त्यांच्या ऑक्टानॉर्म सांगाड्याला नाके मुरडू नका. ॲल्युमिनियमच्या खाचा असलेले ते खांब आणि त्यांत सरकणारे फलक वर्षानुवर्षे एका प्रदर्शनातून दुसऱ्यात फिरत असतात. तिथे वाया जातो तो गालिचा, फ्लेक्स, आणि एखाद्या कंपनीने हौसेने बांधून घेतलेला वेगळ्या आकाराचा स्टॉल, जो दुसऱ्या कुठल्या कामाला येत नाही.

पायरी तिसरी: आठ बाय चारला जपा

प्लायवूडचा अख्खा ताव आठ बाय चार फुटांचा असतो. अख्ख्या तावाला उद्या पन्नास उपयोग आहेत. त्यातून सहा फूट दोन इंचांचा तुकडा कापलात की त्याला एकच उपयोग उरतो, तो म्हणजे तुमचे प्रदर्शन. म्हणून मांडणी तावाच्या मापात बसवा. कापायचेच असेल तर बरोबर मधून. चार बाय चार किंवा आठ बाय दोन याच्या खाली जाऊ नका. गोल कमानी आणि ढगांचे आकार प्लायमध्ये कापण्याचा मोह होईल. तो कापडावर भागवा.

बाजारात मिळणाऱ्या मापावर अख्खी इमारत बेतण्याचे मोठे उदाहरण प्रदर्शनांच्याच इतिहासात आहे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने बांधलेला क्रिस्टल पॅलेस काचेच्या तावाच्या मापावर आखला होता. बिडाचे आणि लोखंडाचे सारखे सारखे भाग कारखान्यातून आणून जागेवर जोडले होते. म्हणूनच प्रदर्शन संपल्यावर तो सुटा करून सिडनहॅमला नेता आला आणि वाढवून १८५४ मध्ये पुन्हा उघडता आला. पुढे १९३६ मध्ये तो आगीत गेला. आपल्याकडे दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे हॉल ऑफ नेशन्स १९७२ च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी उभे राहिले. वास्तुकार राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांची ती देखणी रचना होती, पण जागेवर ओतलेल्या काँक्रीटची. एप्रिल २०१७ मध्ये ती पाडली तेव्हा तिचा राडारोडाच झाला. तिच्या सौंदर्याबद्दल मला नितांत आदर आहे आणि ती पाडल्याचे दुःखही आहे, पण ओतलेला सांधा सुटत नाही हे तिच्यावरून शिकलो.

आता आपले छोटे उदाहरण. समजा फोंड्याजवळच्या एका वाचनालयात गावच्या ४० जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन आहे. एका तावाच्या एका बाजूवर दोन मोठे फोटो आरामात बसतात, दोन्ही बाजू वापरल्या की चार. म्हणजे १० ताव पुरे, एकही न कापता. ते पाच-पाचच्या दोन रांगांत नागमोडी उभे करा. दुमडलेल्या पडद्यासारखी ही रांग पायांशिवाय स्वतःच्या तोलावर उभी राहते, पायाशी चार चिरे ठेवले की पोरे धडकली तरी हलत नाही. बारा मिलिमीटर जाडीचा ताव साधारण २० ते २५ किलोचा होतो, दोघांना उचलता येतो. अठरा मिलिमीटरचा ३५ किलोच्या आसपास जातो, तो भिंतीसाठी नको, टेबलाच्या वरच्या फळीसाठी ठीक. प्रदर्शन झाल्यावर हेच ताव वाचनालयाच्या कपाटांची पाठ होऊ शकतात, नाहीतर भाड्याने आणले असतील तर जसेच्या तसे परत.

तावाचे कोपरे आधी मरतात. कडांना दोन हात रंग किंवा वॉर्निश द्या आणि वाहतुकीत कोपऱ्यांवर जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चढवा. गोव्याच्या दमट हवेत उघड्या कडेतूनच पाणी आत शिरते आणि थर सुटायला लागतात.

पायरी चौथी: सांधे

गोंद, खिळा, स्क्रू, बोल्ट, पाचर, दोरी. नवख्याने या ओळीच्या शेवटाकडून सुरुवात करावी.

गोंद लावला की दोन वस्तूंची एक वस्तू होते आणि तिचा निकालही एकत्रच लावावा लागतो. खिळा काढताना लाकूड फाटते. स्क्रू बरा वाटतो, पण एमडीएफमध्ये त्याच भोकात तो दोन-तीनदा फिरवला की पकड सुटते. प्लायमध्ये थोडा जास्त टिकतो. बोल्ट आणि पंखाचा नट मात्र शंभरदा सोडा-जोडा. आठ किंवा दहा मिलिमीटरचा एकच बोल्ट सगळीकडे वापरा, म्हणजे एक पाना खिशात असला की पुरे. तीन मापांचे बोल्ट असले की उतरवायच्या रात्री हवा तो पाना हमखास सापडत नाही.

भोके मारण्याआधी फर्मा करा. पातळ पत्र्याची किंवा प्लायची पट्टी घ्या, तिच्यात भोकांच्या जागा पाडा आणि प्रत्येक तावावर तीच पट्टी ठेवून भोके मारा. फर्म्याने केलेल्या दहा तावांतला कुठलाही ताव कुठल्याही दुसऱ्याला जोडता येतो. फर्म्याशिवाय केलेल्या दहा तावांत प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला असतो, आणि त्यातला एक हरवला की दोन बाद. आम्ही आमचा फर्मा वाचनालयाच्या भिंतीला टांगून ठेवला आहे. पुढच्या वर्षी कोणी नवे ताव आणले तरी ते जुन्यांशी जुळतात.

समुद्राजवळ साधे लोखंडी बोल्ट एका मोसमात गंजून धरतात. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, आणि ठेवताना आट्यांवर थोडे ग्रीस चोळा.

पीटर झुम्थोर या वास्तुकाराने हॅनोव्हरच्या एक्स्पो २००० मध्ये स्वित्झर्लंडचा मंडप केला होता. ताज्या कापलेल्या लाकडाच्या तुळया वखारीत रचतात तशा एकावर एक रचल्या आणि पोलादी सळ्यांनी, स्प्रिंगांनी दाबून धरल्या. गोंद नाही, खिळा नाही. प्रदर्शनाच्या महिन्यांत लाकूड वाळत गेले, स्प्रिंगांनी ते आकुंचन सांभाळले आणि शेवटी तयार वाळलेले लाकूड विकता आले. प्रदर्शन चालू असताना लाकडाची किंमत वाढत होती, ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. आपल्या वखारवाल्याशी, बांबूवाल्याशी असा करार होतो का, विचारून बघायला हरकत नाही.

पायरी पाचवी: इथले साहित्य

बांबूत आपल्या भागातला माणगा घ्या. सरळ वाढतो, काटे नसतात, आतून बराचसा भरीव असतो, त्यामुळे खांबाला चांगला. तीन-चार वर्षांचा पक्का, पावसाळा सरल्यावर तोडलेला बघून घ्या. कोवळा किंवा भर पावसात तोडलेला बांबू किडतो आणि खाली पिठाचे ढीग पडतात. अनेक मोसम टिकवायचा असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा. टोक कापायचे ते पेऱ्याला लागून, नाहीतर फाटते. बांबूला खिळा ठोकू नका, उभा चिरतो. काथ्याच्या सुंभाने बांधा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गाठी एकदा आवळा. गाठ सुटणारी असावी. सुंभ कापून सोडणाऱ्याला थांबवा, पुढच्या वेळी तेच सुंभ लागणार आहे.

माडाच्या झापांचा माटव (मांडव) अजून आपल्याकडे घातला जातो. झापा विणणारे हात गावात असतील तर त्यांना काम द्या, ताजी चुडते आणून जागेवरच विणून घ्या. त्या एक मोसम टिकतात आणि नंतर माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून जातात. कुजून जाणारे साहित्य वापरताना त्याला रंग मारायचा नाही एवढेच पाळा. सोनेरी फवारा मारलेली झाप आळ्यात घालता येत नाही.

खाण्याचा स्टॉल असेल तर पोफळीच्या विरीची, म्हणजे पानाच्या देठाच्या रुंद आवरणाची, ताटे-वाट्या चांगल्या, आणि धुऊन वापरायची स्टीलची त्याहून चांगली.

जुन्या घरांचे सामान ही गोव्याची मोठी शिदोरी आहे. घर पाडले जाते तेव्हा दारे, खिडक्या, वासे, मंगळुरी नळे (कौले), कधी शिंपल्यांच्या तावदानांच्या झडपा बाहेर पडतात. बाणावलीचे गोवा चित्रा संग्रहालय अशा जुन्या घरांच्या सामानाने बांधलेले आहे, एकदा जाऊन बघा. दोन तिवयांवर जुने दार आडवे ठेवले की उत्तम टेबल होते, त्याला काही करावे लागत नाही. मात्र माझे स्पष्ट मत आहे की प्रदर्शन सजवण्यासाठी कोणाच्या नांदत्या घराची खिडकी काढायला लावू नये, आणि शिंपल्यांच्या जुन्या झडपेला भोक तर पाडूच नये. तशी तावदाने भरणारे कारीगर आता सहज भेटत नाहीत.

जुन्या मासेमारीच्या जाळ्यांबद्दल माझे मत बदलले. मालीमच्या जेटीवर टाकून दिलेली जाळी दिसतात, टांगली की सुरेख सावली पडते, म्हणून मीही दोनदा वापरली. पण ती नायलॉनची असतात आणि आगीत वितळून ठिबकतात. आता मी ती बंदिस्त मंडपात घेत नाही.

थर्माकोलच्या सजावटीचा विषय सोडूनच द्या. सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीचे बॅनर देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. जाड फ्लेक्सला कायदा आडवा येत नाही, पण टेंपोवाल्याचा प्रश्न येतो.

पायरी सहावी: अक्षरे आणि छपाई

सगळ्यात जास्त कचरा होतो तो छापील गोष्टींचा, कारण त्यांवर तारीख असते. मुख्य फलकावर तारीख, वर्ष, प्रायोजक काही लिहू नका. 'ग्रंथप्रदर्शन' एवढेच मोठ्या अक्षरांत, मांजरपाटावर पेंटरकडून रंगवून घ्या. गोव्यात हाताने पाट्या रंगवणारे अजून आहेत, आणि त्यांच्या देवनागरीला जी लय असते ती फ्लेक्सला येत नाही. तारीख खाली वेगळ्या पट्टीवर, दोन बंदांनी बांधलेली. पुढच्या वर्षी पट्टी बदलली की झाले.

कापड घेताना एकाच लांबीचे तुकडे करा, वरखाली नेफा शिवा आणि त्यात बांबू घाला. नेफ्याचे कापड पडदा होते, पाठ होते, उन्हाची कनात होते. प्रदर्शनानंतर कापडाच्या पिशव्या शिवून वाटण्याची पद्धत पडली आहे. ती मला फारशी पटत नाही. घरोघरी अशा पिशव्यांचा ढीग आहे. अख्खे कापड जोवर कापड म्हणून चालते, तोवर त्याला कात्री लावू नये.

फोटो आणि माहितीचे कागद फलकाला लावायला डबल टेप नको. वर-खाली लाकडी पट्टी आणि क्लिप, किंवा दोन टाचण्या. कागदावर प्लास्टिकचे लॅमिनेशनही नको, साधा कागद रद्दीत जातो, लॅमिनेटेड कागद कोणी घेत नाही.

पायरी सातवी: आग, वारा आणि परवानग्या

इथे काटकसर नाही. मंडप आणि तात्पुरत्या बांधकामांतल्या आगीच्या खबरदारीसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे, ते मिळवून वाचा. कृत्रिम कापड आणि कृत्रिम दोऱ्या टाळायला सांगणारे ते नियम आपल्या सुंभ-मांजरपाटाशी छान जुळतात. पण वाळलेली झापही झटकन पेटते हे विसरू नका. दिवे एलईडी, वायरिंग परवानाधारक वायरमनकडून, झापेला वायर टेकता कामा नये, अग्निशामक नळकांडी हाताशी आणि बाहेर पडायचे दोन रस्ते मोकळे. उघड्यावर असाल तर संध्याकाळचा खारा वारा कापडात शिरतो आणि कापडाचे शीड होते. कापडाला खालून बांधू नका, मोकळे सोडा, किंवा वारा जायला फटी ठेवा.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी अशी अट घातली की विनापरवाना जागी शंभराहून जास्त माणसे जमणार असतील, तर आयोजकाने स्थानिक संस्थेला कामकाजाचे तीन दिवस आधी कळवावे आणि कचरा वेगवेगळा करून द्यावा. पंचायतीत किंवा पालिकेत जाऊन हे आधीच बोला. त्यांच्या गाडीची वेळ कळली की उतरवण्याचा दिवसही त्याला धरून ठरवता येतो. मोठा प्रायोजक असेल तर तो आयएसओ २०१२१ चे नाव काढेल. सोहळ्यांच्या शाश्वत व्यवस्थापनाचे ते आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले आणि २०२४ मध्ये सुधारले गेले. गावच्या प्रदर्शनाला त्याची गरज नाही, वही पुरते.

पायरी आठवी: वही

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वस्तूला एक ओळ: काय, किती, माप, कोणाकडून, कशी जोडली आहे, कुठे परत जाणार, कधी गेली. युरोपात याला मटेरियल पासपोर्ट म्हणतात आणि संगणकावर ठेवतात. आपल्या देवस्थानाच्या भांड्यांच्या वहीत तेच असते.

वस्तूवरही खूण हवी. खडूने नव्हे, दमट हवेत पुसतो. मागच्या बाजूला रंगाने ठळक अंक काढा आणि उसन्या वस्तूला फक्त चिठ्ठी बांधा. मांडणी पूर्ण झाली की मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, आणि बांधताना प्रत्येक सांध्याचा एक. उतरवायला आलेल्या माणसाला तो फोटो शंभर सूचनांपेक्षा लवकर कळतो.

'कुठे परत जाणार' हा रकाना उभारणीआधीच भरलेला हवा. ज्या ओळीत तो रिकामा आहे ती वस्तू आत आणू नका. सुरुवातीला मी यातून सूट घेत असे, 'बघू नंतर' म्हणून. त्या 'बघू नंतर'च्या वस्तूच शेवटी टेंपोत उरायच्या.

पायरी नववी: उतरवण्याचा दिवस

उलट्या क्रमाने चला. आधी कागद आणि फोटो, मग कापड, मग दिवे, मग फलक, शेवटी बांबू आणि चिरे. जमिनीवर खडूने चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात एक पत्ता लिहा: शाळा, देवस्थान, सेंटरिंगवाला, वाचनालय, भंगार, ओला कचरा. सुटलेली वस्तू थेट तिच्या चौकोनात. बोल्ट, नट आणि पाचरी झाकणाच्या डब्यात, मोजून. टेंपो दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा, रात्री नको. जाताना ज्या क्रमाने पत्ते येतात त्याच्या उलट क्रमाने माल भरायचा.

उसनी वस्तू पुसून द्या. क्रेट धुऊन द्या. तुटली असेल तर सांगून भरून द्या. पुढच्या वर्षी तेच लोक तुम्हाला पुन्हा देणार की नाही, ते इथे ठरते.

शेवटी जो कचरा उरला तो तराजूवर ठेवा आणि वजन वहीत लिहा, कितीही असो. पुढच्या वेळी त्याच पानावर नवा आकडा लिहिता येईल.

पावसाळ्याची बेगमी

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. प्रदर्शनाचे साहित्य वापराने जेवढे मरत नाही तेवढे या चार महिन्यांत मरते. घरात मे महिन्यात पुरुमेंत भरतो, सुके मासे, कोकम, मिरच्या, तसाच या साहित्याचा पुरुमेंत करायचा. कापड कडक उन्हात दोन दिवस वाळवून घडी घाला, कडुनिंबाचा पाला मध्ये ठेवा. ताव जमिनीपासून वीतभर वर, लाकडी फळ्यांवर आडवे आणि सपाट, भिंतीला टेकवून ठेवले तर वाकतात. बांबू छपराखाली आडवे, खालून वारा जाईल असे, मातीला टेकलेले नकोत, वाळवी तिथूनच चढते. प्लास्टिकमध्ये काहीही घट्ट गुंडाळू नका, आतल्या आत घाम धरून बुरशी येते.

जागा एकट्याने ठेवणे परवडत नाही. वाचनालय, शाळा, क्लब, चवथीचे मंडळ अशा तीन-चार जणांनी मिळून एक खोली ठरवा आणि वही तिथेच टांगा. किल्ली दोघांकडे. कोण काय घेऊन गेले ते वहीत, सहीसकट. आमच्याकडे अशी खोली एका जुन्या शाळेच्या मागच्या पडवीत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला जोरदार पाऊस पडून गेला की, मी तिथे एकदा जाऊन नळ्यांतून कुठे पाणी ठिबकते आहे का ते बघतो आणि ठिबकत असेल तर ताव तेवढे दुसऱ्या भिंतीकडे सरकवून येतो.